रेबेकामावशींचं विंगेतलं हिब्रू

दर शनिवारी दुपारी सिडनीतल्या कॅसल हिलच्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी नाटक ग्रुपची तालीम असते. निम्मा वेळ चहात जातो. त्यात कपडेपट सांभाळायला रेबेकामावशी. किस्से साचणार नाहीत तर काय!

मावशी ठाण्याच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी, हिब्रू फक्त प्रार्थनेपुरतं. लग्नानंतर तेल अवीवला गेल्या आणि तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहात नटांचे कपडे शिवायला लागल्या. आता इथे जवळच क्वेकर्स हिलला लेकीकडे असतात.

*

बोलायचं हिब्रू त्या विंगेत उभ्या राहून शिकल्या. तेव्हा नाटक चालू होतं राजाराण्यांचं. पहिल्याच आठवड्यात मावशींनी बाजारात त्याच दरबारी हिब्रूत कांदे मागितले. भाजीवाला उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, कांदे देतो. पण महाराजांना सांगा, माझ्यावर कोप नको."

*

कपडेपटात त्यांच्याबरोबर एक पोलंडची, एक मोरोक्कोची. "भांडायचो आपापल्या भाषेत," मावशी सांगतात, "समेट मात्र हिब्रूत. शिव्या कुणाला कळायच्या नाहीत, सॉरी सगळ्यांना कळायचं."

*

यंदाच्या नाटकात मुलीचं काम माझ्या लेकीला, इराला मिळालं. वय पंधरा, जन्म सिडनीचा. पहिल्याच तालमीत तिच्या 'ळ'ला कुणीतरी हसलं. ती स्क्रिप्ट ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली. "आय साउंड फेक, बाबा."

मावशी तिच्या शेजारी टेकल्या.

"आमचं थिएटर देशाच्याही आधीचं. त्या पहिल्या नटांना लहानपणी कुणी हिब्रूत जेवायला हाक मारली नव्हती. मोठेपणी शिकले, चुकत चुकत स्टेजवर बोलले. त्यांचं ऐकून बाकीचे बोलायला लागले."

"सो, दे वेअर फेक टू?"

"पहिली दोन वर्षं."

इरा हसली आणि आत आली.

*

प्रयोगाला हॉल भरला होता. शेवटच्या प्रवेशात इरा अडकली. घर सोडताना म्हणायचं होतं, "आई, मी जाते." मी विंगेत स्क्रिप्टची पानं उलटतोय, तोवर मावशींनी घाईघाईत वाक्य पुरवलं, तेही हिब्रूत: "इमा, अनी होलेखेत."

इराने क्षणभर विंगेकडे पाहिलं. मग नाटकातल्या आईकडे वळून तेच हिब्रू वाक्य असं म्हटलं, की पहिल्या रांगेत रुमाल निघाले.

नंतर पुण्याहून मुलाकडे आलेले एक आजोबा आत आले. मराठीचे निवृत्त प्राध्यापक. इराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुझं मराठी अस्सल आहे. शेवटचं वाक्य तर इतकं जुनं, की मला घरी जाऊन संदर्भ शोधावा लागेल."