धामणीसाठी गोणपाट

कांदा साठवायच्या चाळीत त्या वर्षी धामण निघाली तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, नेहमीप्रमाणे फावडं उचललं. मी शाळेतून शिकवून नुकतीच आले होते. पहिला घाव बसून गेला होता, दुसरा मी अडवला.

"भाऊजी, हिला विष नसतं. उंदीर झालेत म्हणून तुम्हीच ओरडता ना? ते हीच खाते."

"वहिनी, ह्ये तुमच्या वर्गात शिकवा. हितं बाया कांदा निवडायला बसत्यात. त्यांच्या पायात आली म्हंजी तिला इचारायचं का, बाई, तुला विष हाय का न्हाई?"

बाया हसल्या. मला ते लागलं. त्यांच्यासमोरच ठरलं: मी धामण बरी करून सगळ्यांदेखत बांधावर सोडली, तर आमच्या चाळीत पुन्हा सापावर फावडं उचलायचं नाही. नाही जमलं, तर मी पुन्हा मध्ये पडायचं नाही. भाऊजींनी शब्द दिला, मीही दिला. वनरक्षकाला कळवलं. जखम भरेपर्यंत ठेवा, मग लगेच सोडा, पाळत बसू नका, असं तो म्हणाला.

शाळेतून बाद झालेली काचेची मोठी पेटी आणून तिच्यावर जाळी ठोकली. एका कागदावर कामं लिहिली: जखम, पाणी, खाणं, ऊब, अंथरूण. पहिली चार दोन दिवसांत मार्गी लागली. अंथरुणाने मात्र आठवडा खाल्ला.

रद्दी घातली तर पाण्याचं भांडं कलंडून कागदाचा लगदा झाला आणि जखमेला चिकटला. कुकडी नदीची वाळू चाळून, धुऊन घातली, तिचे खडे जखमेत रुतले. वखारीतला लाकडाचा भुसा मलमावर असा बसला की तो कापसाने काढताना अर्धा तास गेला आणि धामणीने मला दोनदा चावून घेतलं. भाताचं तूस हलकं, श्वासाबरोबर नाकात जाईल अशी भीती. उसाच्या पाचटाच्या कडा धारदार, शिवाय त्यातून मुंग्या आल्या. प्रत्येक वस्तूपुढे मी फुली मारत गेले.

"पलंग करा राव आता सुताराकडनं," भाऊजी ओट्यावरून म्हणाले. "आन् वर मच्छरदाणी."

शेवटी सुचलं ते गोणपाट. खरबरीत असल्याने तिला सरकायला धर मिळेल, घडीत लपता येईल, ओल शोषली जाईल आणि धुताही येईल. मी विचारलं, "भाऊजी, एखादं जुनं गोणपाट आहे का?"

"शेडमदी लई पडल्यात. घ्या कुठलंबी."

मी सर्वांत मऊ झालेलं निवडलं. एका कोपऱ्याला घट्ट गाठ होती. ती जखमेला घासेल म्हणून मी दातांनी ओढून सोडली. गोणपाट झटकलं, दिवसभर उन्हात टाकलं आणि घडी करून पेटीत अंथरलं. धामण पाच मिनिटांत घडीत शिरली. कागदावर बरोबरची खूण केली तेव्हा मला शाळेत पहिली आल्यासारखं वाटलं, हे लिहायची आज लाज वाटते.

पंधरा दिवस सगळं छान चाललं. जखम भरली. मग तिचे डोळे निळसर, धुरकट दिसू लागले. ती कात टाकणार होती. कात सुटायला ओल लागते, हे मला ठाऊक होतं. मी गोणपाट पाण्याने चांगलं भिजवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाठीवर पडलेली होती. सरळ केली की पुन्हा उलटत होती. अंगभर थरथर, तोंड उघडं. राजुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांना स्कूटरवरून बोलावून आणलं. त्यांनी आयुष्यात साप तपासला नव्हता, पण पेटीशी वाकताच ते म्हणाले, "बाई, ह्यात औषध कुठलं मारलंय?"

तेव्हा मला वास आला. ओलं झाल्यावर गोणपाटातून तो वर उठत होता. धामण तासाभरात गेली.

भाऊजी आले. त्यांनी गोणपाट काठीने उचलून उजेडात धरलं.

"ह्ये तर बटाट्याचं. बेणं कापलं की ह्याच्यावरच औषधाची पावडर चोळतो आमी. कोपऱ्याला गाठ व्हती ना ह्याच्या?"

"होती. मी सोडली."

पावडरीच्या गोणपाटाला गाठ मारायची, म्हणजे चुकून कुणी त्यात धान्य भरत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, कामाला येणाऱ्या बायांनाही. बेणं, म्हणजे लागवडीचे बटाटे, कापायच्या दिवसांत मी शाळेत असायचे. अकरा वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी शेडमध्ये उभं राहून कशाला काय म्हणतात ते विचारलं नव्हतं.

"तुम्हीच म्हणालात, कुठलंही घ्या," मी म्हणाले.

"म्हनलो. गाठ दिसंलच की, म्हून म्हनलो." मग गोणपाट खाली ठेवत, "आमच्या फावड्यातनं वाचली व्हती वहिनी ती."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी घरच्या सगळ्यांवर राग धरला, तो बरीच वर्षं पुरला. त्यांनी सांगायला हवं होतं, हे मला अजूनही वाटतं. पण दातांनी गाठ मी सोडली होती.

पुढच्या हंगामात चाळीत पुन्हा धामण निघाली. मी ओट्यावर पेपर तपासत होते. बायांचा ओरडा झाला. भाऊजी फावडं घेऊन आले, चाळीच्या दारात थांबले आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्यांनी खरोखर वाट पाहिली.

मी मान खाली घातली आणि पुढचा पेपर ओढला.