गाळलेला प्रवेश

जळकोटच्या शिवपुत्रची जीभ म्हणजे कात्री. जत्रेतल्या नाटकाचा लेखक, दिग्दर्शक, सगळं तोच. आन् त्याच्या लेखी गावात अक्कल असलेला माणूस बी एकच. नटांना तो सुनवायचा, "भाकर एका अंगानं भाजत न्हाय, तसं नाटक एका प्रवेशात होत न्हाय." बोलायला काय जातंय!

यंदाचं नाटक मात्र त्यानं पोटातून लिहिलं होतं. काही वर्षांमागं त्यानं धाकट्या भावाला, श्रीनाथला, भरल्या पंगतीतून उठवून घराबाहेर काढलं होतं. चूक शिवपुत्रचीच, हे गावाला ठाऊक. पण माफी मागायची म्हणलं की कात्रीला गंज. म्हणून त्यानं शेवटाला तीन प्रवेश घातले. थोरला धाकट्याला हाकलतो. थोरला त्याच्या दारात जाऊन "चूक माझी" म्हणतो. मग धाकटा घरी येऊन पाया पडतो. आपल्याला जमत न्हाय ते नटाच्या तोंडून वदवायचं, असला हा मर्द. नळदुर्गला निरोप धाडून तिथं राहणाऱ्या श्रीनाथला बोलावलं आन् पुढच्या खुर्चीवर बसवलं.

हाकलायचा प्रवेश झाला आन् मांडव देणारे आण्णासाहेब सत्काराला रंगमंचावर चढले. आमच्याकडं नाटक थांबतं, सत्कार थांबत न्हाय. शाल, नारळ, फेटा, भाषण. सोसायटीच्या चेअरमनचा सत्कार झाला, चेअरमनच्या मेव्हण्याचा झाला. भोंगा बंद करायची वेळ जवळ आली तसं आण्णासाहेब म्हणाले, "मधला प्रवेश गाळा की. शेवट गोड झाला म्हंजे बास."

नटांवर डाफरणारा शिवपुत्र हात जोडून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

पडदा उघडला. हाकललेला धाकटा आपणहून आला आन् थोरल्याच्या पायावर पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

श्रीनाथ उठून पडद्यामागं आला. "दादा, हे दाखवायला बोलावलं व्हय मला? हाकललं तुम्ही, आन् पाया बी मीच पडायचं?"

"मधला प्रवेश गाळला रे," शिवपुत्र पुटपुटला. "त्यात थोरला माफी मागतो."

"मग आता मागा. मी हितंच हाय."

कुणी अडवलं होतं? पण तेवढ्यात माईकवर पुकारा झाला, नाटकाचे लेखक शिवपुत्र यांनी सत्कारासाठी यावं. त्यानं भावाकडं बघितलं, मंचाकडं बघितलं, आन् सदऱ्याची कॉलर सारखी करत वर गेला. नारळ घेऊन खाली आला तवर श्रीनाथची गाडी नळदुर्गच्या रस्त्याला लागली होती.