आधी टोपी, मग नाव

आमचा दादा कुणालाही भेटला की आधी डोक्यावरची टोपी काढायचा आणि मग नाव सांगायचा. समोरचा माणूस त्या तुळतुळीत डोक्याकडे, मग भुवया असायला हव्या होत्या त्या जागेकडे बघत बसे. दादा त्याला पुरेसा वेळ देई. "झालं पाहून? आता बोला," म्हणे आणि कामाला लागे. शाळेत पोरं दर मधल्या सुट्टीत त्याची टोपी पळवायची. एक दिवस त्यानेच ती काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घ्या, खेळा." पोरांची सगळी मजाच गेली. तेव्हापासूनचा हा नियम.

सहाव्या वर्षी त्याला चाई लागली. आधी रुपयाएवढा चट्टा, मग सगळं डोकं, मग भुवया आणि पापण्यासुद्धा. आईने काय काय नाही केलं! कांद्याचा रस चोळला, जंगलातल्या वैदूने दिलेला पाला वाटून लावला, कुणीतरी सांगितलं म्हणून अंडी फोडून थापली. शेवटी दादानेच हात जोडले. "माय, केस तं येऊन नाई राह्यले, पण मुंग्या याले लागल्या." त्यानंतर आमच्या घरी अंडी पुन्हा खायला मिळू लागली, हे मी अजून विसरलेले नाही.

पुढे तो घुग्घुसला कोळशाच्या खाणीत लागला. भुवया नसल्या की कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो, हे मला दादामुळे कळलं. म्हणून तो कपाळावर दुपट्टा घट्ट बांधून जायचा. घरी आला की ओल्या फडक्याने डोकं पुसून आरशासमोर उभा राही. "पुसलं का नवं! तुमी बसा विंचरत." मी तेव्हा कमरेपर्यंतच्या केसांचा गुंता काढत रडकुंडीला आलेली असे. असा राग यायचा त्याचा!

लग्नाचं मात्र काही केल्या जमेना. मुलीकडे गेलं की चहा यायच्या आत याची टोपी खाली, आणि चहा संपायच्या आत मुलीच्या मामाला कुठलं तरी तातडीचं काम आठवलेलं. आई म्हणायची, "अरे, पोहे होयेपर्यंत तरी ठेव." दादा म्हणे, "अन लग्नानंतर काय टोपी घालून झोपू?" म्हणायचा हसत, पण परतीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राही, त्याला संसार हवा होता. फार हवा होता.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा हिवाळा असेल. वरोऱ्याकडच्या एका खेड्यात दादा, काका आणि मी मुलगी बघायला निघालो. थंडी म्हणून आईने आपली कत्थई रंगाची शाल दादाला बळजबरीने पांघरायला लावली. फाट्यावर उतरलो. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर मागे राहिले आणि दादा झपाझप पुढे गेला. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि सगळं गाव बुद्धविहारापाशी चंद्रपूरहून येणाऱ्या भंतेंची वाट बघत उभं होतं, हे आम्हाला कुठलं माहीत! समोर माणसं दिसताच दादाने नियमाप्रमाणे टोपी काढली. नाव सांगायची संधी त्याला कुणी दिलीच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दादा उंच आसनावर बसला होता. त्याचे पाय धुऊन झाले होते आणि सगळं गाव पंचशील घेत होतं. देत होता दादा. लहानपणापासून पाठ असलेलं, अगदी सुरात, डोळे मिटून. उघडायची छातीच नव्हती त्याची. सर्वांत पुढे हात जोडून वाकलेले गृहस्थ म्हणजे मुलीचे वडील. आधी बोलणी करून गेलेल्या काकांनी त्यांना ओळखलं आणि काका मटकन ओट्यावर बसले.

एवढ्यात खिरीचं भांडं घेऊन आलेली एक मुलगी थबकली. "बाबा, भंतेजी पँट काऊन घालून आहेत?"

पाय धुणाऱ्यांनी स्वतः ती पँट वर सरकवली होती, पण श्रद्धेच्या भरात ती कुणालाच दिसली नव्हती.

दादा उठून उभा राहिला. "मी भंते नाई जी. मी पाहुणा होय. पोरगी पाहाले आलो."

वडील लालबुंद झाले. "ज्याच्या पाया पडलो त्याले पोरगी कशी देऊ?"

कारण नवीन होतं, पण नकार नेहमीचाच. दादाने टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. इतक्या हळू टोपी घालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा," ती खीरवाली म्हणाली. बघायला आलो होतो ती मुलगी हीच! "केस नाई हे तं दिसलं. अजून काय काय नाई ते सांगून द्या."

दादाने जरा विचार केला. "हिंमत नाई. इतक्या लोकाइले 'मी तो नव्हे' म्हणाची हिंमत नाई झाली."

ती फसकन हसली आणि खीर सांडली.

पुढच्या एसटीने खरे भंते आले. वडिलांनी आपली अडचण त्यांच्यापुढे ठेवली. ते शांतपणे म्हणाले, "उपासक, वंदन भिक्खूच्या चीवराला असतं. यांच्या अंगावर तर शाल आहे. तुमचं वंदन यांच्यापर्यंत पोचलंच नाही." मग दादाच्या डोक्याकडे बघत त्यांनी आपल्या खुंट वाढलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "वस्तरा कोणता वापरता?"

ती मुलगी आमची वहिनी झाली. जन्मभर ती दादाला रागाच्या भरात "भंतेजी" म्हणायची आणि मग स्वतःच हसायची.

गेल्या वर्षी दादा गेला. अंगणात माणसं जमू लागली, तेव्हा कुणीतरी चांगल्या मनाने त्याच्या डोक्यावर टोपी घातली. रडून थकलेली वहिनी उठली, तिने ती टोपी काढली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "लोकं भेटाले येऊन राह्यले ना. टोपी काढल्याबिगर ते कोणाले भेटत नव्हते."

मग एकेक जण येऊन बघत राहिला. त्या दिवशी मात्र "झालं पाहून?" असं कुणी विचारलं नाही.