फिट है?
मैदानावर मारलेल्या ओल्या फक्कीचा वास आला की मला कोल्हापुरातली ती लष्करभरती आठवते आणि तोंड कडू होतं. बहिणीच्या पोराला घेऊन मी गेलो होतो. लहानपणी त्याला फिट यायची. कित्येक वर्षांत एकदाही आली नव्हती, तरी डॉक्टर गोळी बंद करायला धजत नव्हते. पन्हाळ्याचा चढ पळत चढणारं पोर ते, त्या सकाळीही सगळ्यांच्या पुढं धावलं. मी तारेच्या कुंपणाबाहेर केळी घेऊन उभा होतो. तपासणीच्या तंबूतून तो आला तो मान खाली घालूनच. "काय झालं रं?" "साहेबानं छाती मोजली, खूश झाला, म्हणाला, फिट है? मी म्हटलं, अब नहीं आती साब, गोळी चालू है." रांगेतली पोरं खो खो हसली म्हणे. साहेब हसला नाही. गोळ्या सुटून दोन वर्षं झाली की ये, म्हणाला. "मामा, खरं तेच सांगितलं की. चुकलं व्हय?" मी केळं सोलून त्याच्या हातात दिलं. गोळी सुटली, तोवर भरतीचं वय निघून गेलं. आता तो कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर असतो, वर्दीतच. परवा तिकडं गेलो, तर माझ्या तोंडून निसटलं, "काय रं, फिट?" त्यानं टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला. "आता येत न्हाय, मामा."