मृणालिनीकाकू नवं गाव शिकतात

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्याभरात दोन गोष्टी हमखास मिळायच्या. एक घराची किल्ली आणि दुसरे मृणालिनीकाकूंचे कागद. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं ठसठशीत. पूर्वी काकू त्यांच्या झेरॉक्स काढून वाटत. अलीकडे त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरत. पण नुसते कागद धाडून काकूंचं समाधान व्हायचं नाही. त्या स्वतः येऊन थडकायच्या, सोबत मेथीच्या ठेपल्यांचा डबा, आणि सोफ्यावर टेकायच्या आधी विचारायच्या, "गराजमध्ये मीठ आणून ठेवलंय का? खायचं नाही, बर्फ वितळायला पायऱ्यांवर टाकायचं."

कागदांमध्ये सगळं होतं. पुण्याहून आणलेला कोट कपाटात ठेवा आणि इथला घ्या, गुडघ्यापर्यंत पोचेल असा. गाडीच्या डिकीत ब्लँकेट, फावडं आणि चिवड्याचा डबा ठेवा, कारण बर्फात गाडी अडकली तर मदत यायला दोन तास लागू शकतात. मुलांची शाळा पत्त्यावरून ठरते, तेव्हा घर पसंत करण्याआधी शाळेची हद्द बघा. आणि तिसऱ्या पानावर, खाली दोन रेघा मारलेलं कलम: कोपऱ्यावरचं घर घेऊ नका. आपल्याकडे कोपऱ्याचा प्लॉट मिळाला की लोक पेढे वाटतात. इथे दोन रस्त्यांना लागून दोन फुटपाथ असतात आणि दोन्हींवरचा बर्फ तुम्हालाच उपसायचा असतो.

काकूंचं स्वतःचं घर कोपऱ्यावरच होतं. गुरुदत्तकाकांनी ते घेतलं तेव्हा दोघांना अमेरिकेत सहाच वर्षं झाली होती आणि काकांचं डोकं अजून नागपुरात होतं. "दोन्हीकडून वारा येईल," असं ते म्हणाले होते. वारा आला. पुढे तीस वर्षं काकू सकाळच्या गाडीनं शिकागोच्या हॉस्पिटलात लॅबच्या कामाला जात आणि काका पहाटे उठून फावडं मारत. काका जाऊन आता चार वर्षं झाली होती. गेल्या जानेवारीत काकू टपालपेटीपाशी घसरल्या आणि दहा मिनिटं तशाच बर्फात पडून राहिल्या. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. समोरच्या बाईंनी मुलाला, मिहीरला, फोन करून सांगितलं.

मिहीर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असतो. तो, त्याची बायको रुचा आणि अकरा वर्षांची अनुष्का. त्यानं फोनवर आरडाओरडा केला नाही, हेच काकूंना जास्त लागलं. "आई, आता अजून एक विंटर मी असा काढू शकत नाही," एवढंच तो म्हणाला. मग ऑक्टोबरात त्यानं तिकीट पाठवलं. तीन आठवडे राहून बघ, आवडलं तर कायमची ये. नागपूरचं एक जोडपं, कुमार आणि सुमेधा, नेपरव्हिलमध्ये घर शोधत होतं. त्यांना काकूंचं घर हवं होतं आणि काकूंच्या मुक्कामातल्या तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं होतं.

काकूंनी हो म्हटलं, पण मनाशी एक अट घातली आणि ती कुणाला सांगितली नाही. कुणालाही न विचारता घराबाहेर पडून, आपलं काम करून, आपल्या पायांनी परत येता आलं, तरच इथे राहायचं. मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून देवळात जायचं आणि परत यायचं, असं म्हातारपण त्यांनी पुष्कळांचं पाहिलं होतं. त्यातल्या दोघी-तिघींना त्यांनीच कागद दिले होते.

पहिल्या आठवड्यात त्या हरल्या. नेपरव्हिल म्हणजे पोळपाट, इथून तिथवर सपाट. बेलव्ह्यूत रस्ता घराच्या दारातूनच खाली कोसळायचा आणि सिग्नलला गाडी चढावर उभी राहायची. काकूंनी रुचाची गाडी एकदा बाहेर काढली, पहिल्याच चढावर मागचा ट्रक आरशात अगदी नाकाशी आल्यासारखा दिसला, आणि त्या पुढच्या गल्लीतून वळून घरी आल्या.

"आई, मी सोडेन ना तुम्हाला, कुठे जायचंय सांगा," रुचा म्हणाली.

"कुठेच नाही. बघत होते, ब्रेक चांगले आहेत."

फ्रिजवर मिहीरनं एक यादी चिकटवली होती. फोन सतत चार्ज. लोकेशन शेअरिंग ऑन. अनोळखी माणसाला दार उघडू नये. काकूंनी ती दोनदा वाचली. एवढ्या वर्षांत आपल्या कागदांनी लोकांना असंच वाटलं असेल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनी तो लगेच बाजूला सारला. आपले कागद चांगले होते.

दुसऱ्या आठवड्यात त्या चालत वाचनालयात गेल्या. तिथे मुलांच्या पुस्तकांपाशी एक तरुण बाई मोबाईलवर मराठीत बोलत होती. पायात कापडी बूट, अंगात पातळ जॅकेट. काकूंना राहवेना. फोन संपायची वाट पाहून त्या पुढे झाल्या.

"नवीन आलात वाटतं? हे बूट थंडीत चालायचे नाहीत हं. आणि डिकीत ब्लँकेट ठेवलंय का? फावडं?"

बाईनं ऐकून घेतलं. चेहरा गंभीर ठेवायचा ती बराच प्रयत्न करत होती. "काकू, मी नऊ वर्षं इथे आहे," ती शेवटी म्हणाली. "इथे एक इंच बर्फ पडला की शाळा बंद करतात. फावडं आमच्या घरात नाहीच आहे. तुम्ही शिकागोकडच्या का?"

"कसं ओळखलंत?"

"तुमच्या कोटावरून. या कोटात माझ्या घरातले तिघं मावतील."

काकूंना हसू फुटलं. तिचं नाव गिरिजा. ती रेडमंडला राहायची, मुलाला चित्रांच्या वर्गाला सोडून वाचनालयात बसली होती. तासभर दोघी बोलल्या, म्हणजे गिरिजा बोलली आणि काकूंनी ऐकलं. इथे सारखी भुरभुर असते, पण छत्री घेऊन फिरलं की लोक पाहुणा समजतात, टोपीचं जॅकेट घ्यायचं. शेजारी हसून बोलतील, पण घरी बोलावणार नाहीत, मनाला लावून घ्यायचं नाही, आपणच बोलवायचं. ढग हटून लांबचा डोंगर दिसला तर दिवस चांगला. निघताना गिरिजा म्हणाली, "गुरुवारी जेवायला या माझ्याकडे. बेलव्ह्यूहून ट्रेन आहे थेट, स्टेशनवर घ्यायला येते."

ट्रेन म्हटल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला. ट्रेन त्यांना येत होती.

बुधवारी रात्री त्यांनी जेवताना सांगितलं. मिहीरचा घास हातात राहिला. "एकटी? आई, शनिवारी मी नेतो ना. गुरुवारी मला दिवसभर मीटिंग्ज आहेत."

"म्हणूनच गुरुवारी जाते."

"आजी, यू विल बी फाइन," अनुष्का म्हणाली. "इट्स लिटरली वन ट्रेन."

गुरुवारी दहा वाजता रुचानं काढून दिलेलं ज्येष्ठांचं ट्रेनचं कार्ड पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवून काकू निघाल्या. चालत स्टेशन गाठलं, बरोबर दिशेचा फलाट गाठला, गाडीत चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. मग कार्ड हातात घेऊन त्या कंडक्टरची वाट बघू लागल्या.

तीस वर्षांची सवय होती. शिकागोच्या गाडीत तुम्ही चढायचं, बसायचं, आणि कंडक्टर डब्यातून येतो. तिकीट बघतो, सीटवर कागदाचा चिटोरा खोचतो आणि पुढे जातो. काकूंच्या गाडीवरचा एक कंडक्टर तर त्या डुलकी काढत असल्या तर त्यांना उठवायचाही नाही. तीन स्टेशनं गेली. कुणी येईना. बाहेर पिवळी झाडं आणि काचेच्या इमारती सरकत होत्या. काकूंना छान वाटत होतं.

चौथ्या स्टेशनानंतर निळ्या जॅकेटातली एक मुलगी हातात छोटं यंत्र घेऊन आली. काकूंनी हसून कार्ड पुढे केलं. मुलीनं ते यंत्राला लावलं, यंत्राकडे बघितलं, मग काकूंकडे.

कार्ड फलाटावर चढण्याआधीच खांबावरच्या यंत्राला लावायचं असतं. डब्यात कुणी तिकीट द्यायला येत नाही. हे त्या मुलीनं सावकाश, अगदी आदरानं समजावून सांगितलं. काकू विनातिकीट प्रवास करत होत्या. दंड नाही, पहिलीच वेळ आहे, फक्त ताकीद. पण नाव लिहून घ्यावं लागेल.

काकूंनी नावाचं स्पेलिंग सांगितलं. एम, आर, यू. समोरचा मुलगा मान खाली घालून फोनमध्ये बघत होता, मुद्दाम बघत होता, हे त्यांना कळत होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी लॅबमधली पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पुढच्या स्टेशनवर त्या उतरल्या, खांब शोधला, कार्ड लावलं. यंत्र टुंग वाजलं. तरी पाय पुढे जाईनात, म्हणून त्या बाकावर बसल्या. एक गाडी आली आणि गेली. दुसरी आली. तीही गेली.

परत फिरावं का? घर पाच स्टेशनं मागे होतं. कुणाला सांगायची गरज नव्हती. गिरिजाला डोकं दुखतंय म्हणून कळवलं असतं. आणि रविवारी मिहीरला म्हटलं असतं, तुझं गाव छान आहे रे, पण माझा बर्फच बरा.

फोन वाजला. मिहीर.

"आई, तू ठीक आहेस ना? वीस मिनिटं नकाशावर तुझा डॉट एकाच जागी आहे. ते काही रेडमंड नाहीये." त्याच्या मागून कुणाचा तरी मीटिंगमधला आवाज येत होता. "तिथेच थांब. मी निघतोय, बारा मिनिटांत पोचतो."

बारा मिनिटं. काकूंनी रस्त्याकडे बघितलं. त्याची गाडी येईल, दार उघडेल, तो एक शब्दही बोलणार नाही, आणि त्या मागच्या सीटवर बसतील.

"येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"आई, हट्ट कशाला?"

"हट्ट नाही. माझं चुकलं, पण मी हरवलेली नाही. कार्ड लावायचं राहिलं, एका मुलीनं धरलं, ताकीद दिली. आता लावलंय. पुढची गाडी चार मिनिटांत आहे, बोर्डावर लिहिलंय. तू मीटिंग कर."

"ताकीद म्हणजे?" मिहीरनं विचारलं.

"म्हणजे तुझ्या आईचं नाव आता इथल्या सरकारदरबारी लागलं. घर घेण्याच्या आधीच."

तो हसला. मनापासून नाही, पण हसला. "पोचल्यावर फोन कर."

"करते."

चार मिनिटांनी गाडी आली. चढताना त्यांनी पुन्हा एकदा खांबाकडे वळून पाहिलं, पण कार्ड दुसऱ्यांदा लावलं नाही.

रेडमंडच्या फलाटावर गिरिजा उभी होती. तिला काकूंनी पायऱ्या उतरताउतरताच सगळं सांगून टाकलं, म्हणजे मग जेवताना घास घशात अडकायला नको. गिरिजा थांबली. "काकू, माझ्या सासूबाई दोनदा सहा-सहा महिने राहून गेल्या. त्यांना ट्रेनचा रंगसुद्धा माहीत नाही. तुम्हाला कंडक्टर भेटला नाही म्हणून राग आलाय?"

"राग नाही ग. एवढ्या लोकांना मी गाव शिकवलं. त्यांना कसं वाटत असेल ते आज कळलं."

"कसं वाटतं?"

"कुणी बघू नये असं वाटतं."

गिरिजानं वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. भाकरी जरा जाड होती. काकूंनी तसं सांगितलं नाही. दोन खाल्ल्या. अडीचला त्या परत निघाल्या, आणि या वेळी फलाटावर एका गोंधळलेल्या आजोबांना, ते कोरियाचे असावेत, त्यांनी हाताला धरून खांबापाशी नेलं आणि खुणेनं कार्ड कुठे टेकवायचं ते दाखवलं.

रात्री जेवताना अनुष्कानं विचारलं, "आजी, यू गॉट अ वॉर्निंग? लाइक, ऑफिशियल?"

"ऑफिशियल."

"दॅट्स सो कूल."

"कूल काय ग त्यात," रुचा म्हणाली. मग ताटाकडे बघत हळूच, "आई, मला इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात पोलिसांनी स्पीडिंगचं तिकीट दिलं होतं, दंडाचं. मिहीरला मी दोन वर्षांनी सांगितलं."

मिहीरनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि आमटी वाढून घेतली.

शुक्रवारी काकू पुन्हा ट्रेननं गेल्या, या वेळी उलट दिशेनं, काही काम नसताना. शनिवारी बाजारात जाऊन टोपीचं जॅकेट घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी मिहीरला सांगितलं, राहते. पण तो डॉट बंद कर.

"अंधार पडल्यावर चालू ठेवू?"

"अंधार पडल्यावर ठेव," काकू म्हणाल्या. त्याला जानेवारीतली ती दहा मिनिटं अजून झोपू देत नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मुलाची काळजी पुरती काढून घेतली तर तो काय करेल.

मग त्यांनी सुमेधाला फोन लावला. घर तुमचं, म्हणाल्या. सुमेधा आनंदानं काहीतरी बोलली, मागून कुमारचाही आवाज आला. काकू खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि डोळे मिटून मनात घर फिरत तिला एकेक सांगू लागल्या. स्वयंपाकघरातला डावा नळ आधी उघडायचा. कचरा बुधवारी. समोरच्या बाईंना गाजराचा हलवा आवडतो, पण वेलची कमी घालायची.

"काकू, तुम्ही रमलात का हो मिहीरदादांकडे?" सुमेधानं मध्येच विचारलं.

"त्याच्याकडे रमायला काय लागतं, मुलगाच आहे. गावात रमतेय हळूहळू," काकू म्हणाल्या. "हं, तर बेसमेंटमधल्या पाणी उपसायच्या पंपाचं सांगत होते. मोठ्या पावसाच्या आधी तो एकदा चालवून बघायचा. लिहून घेतेयस ना?"