वाघाचा कौल

मुंबईत बघायची तर राणीची बाग बघायची, एवढंच आबांचं म्हणणं होतं. बाजार नको, ट्राम नको, समुद्रसुद्धा नको. मी तेव्हा लोणावळा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि वर्षातून एकदा घरच्यांसाठी पास मिळायचा. बायको म्हणाली, यंदा आबांना न्या, डोळे आहेत तोवर. आमच्याकडंच राहणाऱ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. म्हातारा हौसेनं निघालाय, अशीच माझी समजूत. पण गाडी घाट उतरायला लागली तेव्हा त्यांनी कनवटीची शेंदराची पुडी चाचपली, पिशवीतल्या नारळावर हात ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की हे बाग बघायला चाललेले नाहीत.

आमचं गाव वडिवळ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात. वरच्या रानात वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. मी लहान असताना शिकारीला साहेब आले होते. वाघीण कुठल्या डोहावर पाण्याला येते ते आबांनी त्यांना दाखवलं आणि रान उठवायचा हाकाही स्वतःच घातला. वाघीण मारली गेली आणि आबांना बक्षीस म्हणून एक जुना कोट मिळाला. त्याच वर्षी मानमोडी तापाची साथ आली. आठ दिवसांत आई गेली, दोन्ही बहिणी गेल्या. साथ सगळ्या मावळात होती, एक घर सुटलं नव्हतं, पण आबांना ते कोण पटवणार? रानाच्या राखणदाराला आपण दगा दिला, म्हणून आपलं घर बसलं, हे त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. तो कोट त्यांनी एकदाही अंगात घातला नाही.

माफी मिळाली का, हे विचारायला ते वाघोबाला कौल लावायचे. दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आबांची एकही पाकळी पडायची नाही. जागच्या जागी वाळून जायची. अशी बारा-तेरा वर्षं गेली. दगड बोलत नाही तर जित्यालाच विचारू, असं आता त्यांनी मनात घेतलं होतं.

भायखळ्याला उतरून आम्ही चालत बागेत गेलो. हत्ती त्यांना आवडला. मगर मात्र त्यांनी लाकूड समजून सोडून दिली आणि मी खूण करून दाखवली तेव्हा माझ्यावरच डाफरले. एका कुंपणाआड भेकर होतं. आबा हसले, त्या दिवशी तेवढंच एकदा.

"ह्ये बघाया मान्सं हितं येत्यात? आमच्या बांधावर रोज येतंय की."

वाघाच्या पिंजऱ्यापाशी गर्दी होती. वाघ पलीकडच्या भिंतीशी, आमच्याकडं पाठ करून पडला होता. आबांनी गजांच्या अलीकडच्या कठड्याला नारळ टेकवला, बोटानं कठड्यावर शेंदराचा टिळा ओढला आणि हात जोडले. पायांतल्या वहाणा त्यांनी आधीच काढल्या होत्या.

"देवा, चूक झाली. पोटापायी केली न्हाई, साहेबाच्या शाबासकीपायी केली. तीन जीव घेतलंस, आता बास कर. म्होरं नातवंडं हायेत. माफी आसंल तर मान वळवून माज्याकडं बघ."

मोठ्यांदा बोलत होते, गावच्या देवळात बोलावं तसं. भोवतीची माणसं आधी थबकली आणि मग हसायला लागली. एकजण म्हणाला, "अहो, त्याला मराठी येतं का विचारा." मला कठड्याआड तोंड लपवावंसं वाटलं. मी चार बुकं शिकलेला, टोपी-कोटातला माणूस, आणि माझा बाप वाघाला गाऱ्हाणं घालतोय! आज लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

आबा हलेनात. वाघही हलेना. अर्धा तास झाला असेल. मला चौपाटी बघायची होती. मुंबईला जाऊन समुद्र न बघता आलो असतो तर मालधक्क्यावर सगळ्यांनी खिल्ली उडवली असती. त्यात संध्याकाळची गाडी गाठायची होती. आबा उपरण्यानं डोळे पुसायला लागले तशी मी संधी साधली.

"आबा, बघितलं बरं का त्यानं! आत्ता, तुम्ही डोळे पुसत होता तेव्हा. चला आता."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "खरं?"

"अगदी खरं."

"कुन्या अंगानं वळला?"

खोटं बोलणाऱ्याला बारीकसारीक तपशील द्यायची भारी हौस असते. "डाव्या," मी म्हणालो.

मनगटावरचा हात सुटला. आबांनी वाकून वहाणा शोधल्या, घातल्या आणि माझ्या मागोमाग चालू लागले. चौपाटीवर मी त्यांना लाटा दाखवल्या, लांबची गलबतं दाखवली. ते वाळूत पाठमोरे बसून राहिले. दमले असतील, असं मला वाटलं. मी भेळ खाल्ली.

कर्जत सोडून गाडी घाटाला लागली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कौल मी लहानपणी शंभरदा बघितला होता. उजवी का डावी, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि तरी जीभ डाव्याच अंगाला गेली. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून सगळं कबूल केलं. वाघ हललाच नाही, मी घाईपायी खोटं बोललो, आईची शपथ.

आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे लेका. बापाचं मन राखाया मेल्या आईची शपथ घेऊ नगंस. मला कळलंया."

मी किती परीनं सांगितलं. खोटं त्यांनी एका दमात खरं मानलं, आणि खरं काही केल्या मानेनात.

पुढच्याच आठवड्यात माझ्या धाकट्या मुलीला ताप भरला. साधा हिवताप, कोयनेलच्या गोळ्यांनी चौथ्या दिवशी उतरलाही. पण तोवर आबांनी आपली वळकटी बांधली होती. "माज्या सावलीत पोरं नगंत," म्हणाले आणि गावी जाऊन पडक्या गोठ्यात एकटेच राहू लागले. बायकोनं पाय धरले, मी भांडलो, हातापाया पडलो. ते आले नाहीत.

दिवाळीला मी दोन्ही मुलांना घेऊन गेलो. चाहूल लागताच त्यांनी आतूनच ओरडून आम्हाला अंगणाच्या कडेला थांबवलं.

"तितंच ऱ्हावा रं. हितनं बी दिसताय मला. लय मोटी झालीत की पोरं!"

मोतीबिंदू तोवर पुरता पिकला होता. मुलं कडुलिंबाखाली उभी होती, आणि आबा गोठ्याच्या दारात उभे राहून भलतीकडंच, मोकळ्या बांधाकडं बघून हसत होते.