न आठवणारी चढाई

सकाळी पाच चाळीस. माधवनगर रस्त्यावरच्या कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये जालिंदर बनसोडे गुडघ्यावर बसून कबड्डीची मॅट जोडतो आहे. मॅटचे चौकोन दातांत दात अडकवून बसवायचे असतात. एखादा दात वर राहिला तर पायाचं बोट अडकतं, म्हणून जोडून झालं की तो सगळ्या सांध्यांवरून अनवाणी चालतो. मुली सहाला येतात. आज शनिवार. उद्या साताऱ्यात आंतरविभागीय स्पर्धेचा अंतिम सामना आहे आणि त्यात अंकिता खेळणार की नाही, हे आज ठरायचं आहे.

अंकिता पलूसची, तिसऱ्या वर्षाला, संघातली सगळ्यात भरवशाची चढाईपटू. गुरुवारी सांगलीतल्या उपांत्य सामन्यात तिचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. ती खाली बसली, मग हसत उठली. जालिंदरने पाणी दिलं, पंचांनी शिट्टी मारली, खेळ पुढे सुरू झाला. सांगली विभागाकडून खेळणारा हा कॉलेजचा संघ दोन गुणांनी जिंकला. ते दोन्ही गुण अंकिताचे होते.

नियमाप्रमाणे यात काही चुकलेलं नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूने त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही, त्याच्या जागी जादा बदली खेळाडू द्यायचा आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय पुढचा सामना नाही, असा बदल विभागाच्या क्रीडा समितीपुढे आला आहे. तो अजून प्रस्तावच आहे. लागू झाला तर पुढच्या हंगामापासून. सगळ्या कॉलेजांकडून मतं मागवली आहेत. या कॉलेजचे क्रीडा शिक्षक सयाजी जगदाळे यांनी जालिंदरला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “सांगतो की सर.”

जालिंदर कॉलेजच्या नोकरीत नाही. दुपारी चारपासून तो माधवनगरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर असतो, बिघडलेले माग लावून देतो. सकाळी मुलींना शिकवतो. त्याला बोलावलं ते त्याच्या नावामुळे. कबड्डीतली चाळिशी ओलांडलेली माणसं भेटली की अजून म्हणतात, मलकापूरचा बनसोडे. मलकापूर हे त्याचं गाव नव्हे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी कराडला लागून असलेल्या मलकापुरात सातारा आणि सांगली विभागांचा अंतिम सामना झाला. शेवटच्या चढाईला सांगली तीन गुणांनी मागे होती. जालिंदर एकटा आत गेला आणि चार गडी बाद करून मध्यरेषेला हात लावला.

असं सांगतात. त्याला त्यातलं काही आठवत नाही.

त्याला आठवतं ते इतकंच की सकाळी गाडीतून उतरून रस्त्याकडेला वडापाव खाल्ला आणि गुडघ्याला पट्टी बांधली. त्यानंतर एकदम संध्याकाळ. टेम्पोचा हौदा, ताकारीच्या पुढे कुठेतरी, गळ्यात हार, तोंडात रक्ताची चव. मधल्या वेळात, पहिल्या डावात, त्याचं डोकं दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आदळलं होतं. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. तो उठला आणि खेळला. पुढचं वर्षभर उजेड डोळ्यांवर आला की त्याला ओकारी यायची. खेळ तिथेच सुटला.

त्या सामन्याचं चित्रीकरण नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यात चढाई कशी झाली ते नव्हतं. त्यामुळे ती चढाई त्याला दुसऱ्यांच्या तोंडूनच मिळते आणि दर वेळी वेगळी. त्याच्या संघात असलेले पलूसचे लालासाहेब पाटील सांगतात, डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केलीस. कराडचा एक पंच सांगतो, उजव्या. कुणी म्हणतं चौथा गडी पायाला लागला, कुणी म्हणतं चौथा घाबरून स्वतःच बाहेर गेला. जालिंदर मध्ये बोलत नाही. एखादा सांगायचा थांबला तर विचारतो, मग? जिंकल्याचं त्याला फारसं नसतं. आपला श्वास कितपत उरला होता, रेषा दिसत होती का, हे त्याला हवं असतं. ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

“ह्यास्नी पोरगी बघायला न्या,” त्याची बायको माया सांगते, “पोरीच्या बापाला आदी इचारत्यात, मलकापूरची म्याच बघितली हुती का. सोयरीक ऱ्हाती बाजूला.”

दोनदा तो एसटीने मलकापूरला जाऊन आला, कामाचं निमित्त काढून. मैदानावर आता गाळे आहेत. तिथे उभं राहून काही परत येतं का ते त्याने पाहिलं. एका गाळेवाल्याने त्याला हटकलं, काय पाहिजे म्हणून. त्याने चहा सांगितला आणि परत आला.

प्रस्तावाची बातमी कळल्यावर लालासाहेबांचा फोन आला.

“गड्या, ह्यो नियम तवा असता तर तू बाकावर कांदा हुंगत बसला असतास. मलकापूर झालंच नसतं.”

“माझ्यासाठी कुठं झालंय?”

“आरं, आमी बघितलंय न्हवं?”

“तुमी बघितलंय. तेच म्हणतोय मी.”

लालासाहेबांनी उसाच्या तोडीचा विषय काढला.

सहाला मुली आल्या. अंकिता सगळ्यांच्या आधी नीकॅप चढवून तयार होती. जालिंदरने तिला शेडबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं. सयाजी सर तिथेच उभे होते.

“डोकं दुखतंय?”

“न्हाई, सर.”

“रात्री झोप?”

“लय झोपली. आई म्हणली, म्हशीगत झोपलीया.”

“परवा शेवटाला आपण टाइमआउट घेतला. मी काय सांगितलं तुला?”

“डावीकडं घुसू नको.”

“त्ये मी रोज सांगतो. परवा काय सांगितलं?”

अंकिताने शेडकडे पाहिलं. आत पूजा सूर्यनमस्कार घालत होती, मोठ्याने आकडे मोजत. पूजा ही बदली चढाईपटू, पहिल्या वर्षाची.

“पाणी दिलं तुमी.”

“ते पडलीस तवा. त्याच्यानंतर.”

तिने आठवून पाहिलं. मग म्हणाली, “काय सांगितलं हुतं?”

“उजव्या कोपऱ्यातल्या पोरीचा गुडघा बांधल्याला हाय. ती पुढं येणार न्हाई, तिथनंच बोनसचा गुण घे.”

“मग मी घेतला?”

“घेतलास. आन् येताना तिला हात लावून आलीस.”

“खरंच?” ती हसली. मग हसू गेलं. “पूजानं मोबाइलवर दावलं, पर त्यात पाठच दिसतीया माजी.”

जालिंदर तिच्या शेजारी बसला. “उद्या तू खेळायची न्हाईस, अंकिता.”

“सर, पुढल्या वर्षी मी कॉलेजात नसणार. हीच शेवटची फायनल.”

“ठावं हाय मला.”

“नियम आजून लागू बी न्हाई झाला. सर, तुमी सांगा की ह्यास्नी.” हे सयाजी सरांना. सर म्हणाले, “मी जालिंदरच्या बाजूला आहे, बाळा.”

“तुमी सोता खेळला न्हवं?” अंकिता जालिंदरकडे वळली. “डोकं फुटल्यालं असताना. सगळं गाव सांगतंय.”

“खेळलो म्हणत्यात,” जालिंदर म्हणाला. “मी न्हवतो तिथं.”

अंकिताने नीकॅप काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. “जिंकलो तर मला कायमचं वाटत राहणार, मी न्हवते.”

“व्हय. वाटणार.”

“मग?”

“पर काय झालं ते तुला दिसंल. कुणाला इचारत फिरायला लागणार न्हाई.”

अंकिताने नीकॅप कट्ट्यावर ठेवली. मग उठून आत गेली आणि मॅटच्या कडेला, रेषेबाहेर बसली. पूजाची पहिली चढाई बघून म्हणाली, “मान वर ठेव की गं, लग्नात मिरवल्यागत खाली काय बघतीस.” मुली हसल्या. पूजाने मान वर केली.

जालिंदर उठला. “सर, त्या नियमाला आपलं व्हय म्हणून कळवा.”

सयाजी सरांनी शेडमध्येच संघाची नवी यादी केली आणि साताऱ्याच्या संयोजकांना फोनवर नावं वाचून दाखवली. दवाखान्यात अंकिताला सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे.

उद्या पहाटे साडेपाचला संघाची गाडी कॉलेजच्या फाटकातून सुटेल. सामना साडेअकराला आहे. पहिली चढाई पूजाची. अंकिता गाडीत असेल. सातजणींत तिचं नाव नाही, बदली पाचजणींतही नाही.